कोंबड्यांची पिसे उपटण्याची खोड व तिचा बंदोबस्त

परसात दहावीस कोंबड्या बाळगणाऱ्या गृहस्थास केव्हा ना केव्हा एक अनिष्ट प्रकार दृष्टीस पडतो. एखाद्या कोंबडीच्या शेपटीजवळची पिसे विरळ होऊ लागतात. आठपंधरा दिवसांत तिची पाठ उघडी पडते. पुढे कातडीस जखम होऊन रक्त दिसू लागते, आणि एकदा रक्त दिसले म्हणजे कळपातील इतर कोंबड्याही तिजवर तुटून पडतात. वेळीच बंदोबस्त न झाल्यास ती जिवास मुकते. जी वाचते तिचीही अंडी कमी होतात, व अंगावर पिसारा नसल्यामुळे थंडीच्या दिवसांत अंगातील ऊब राखण्याकरिता तीस दाणा अधिक लागतो. म्हणजे नुकसान दुहेरी होते.

पुष्कळ लोक हा कोंबडीचा दुष्ट स्वभाव समजतात, व जिचा संशय येईल ती कोंबडी विकून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले, आणि त्यापासून खोड तर गेली नाहीच, पण एका निरपराध प्राण्यावर अन्याय मात्र झाला. तो प्रकार प्रथम सांगून नंतर खोडीची कारणे व उपाय यांचा विचार करू.

घडलेला प्रकार

माझे आयुष्य तालुका कचेरीत महसुलाची दप्तरे सांभाळण्यात गेले. नोकरीतून मोकळा झाल्यावर पाटण तालुक्यातील आमच्या गावी येऊन राहिलो. घरी बावीस कोंबड्या व दोन कोंबडे होते. त्यांची सर्व व्यवस्था माझ्या कुटुंबाकडे असे, आणि अंड्यांचे पैसेही त्यांच्याकडेच राहात. कोंबड्या सकाळी सुटत, दिवसभर उकिरड्यावर व शेताच्या बांधावर चरत, आणि दिवे लागणीस आपण होऊन खुराड्यात येत. वैशाखात मुंगसाने तीन तलंगा नेल्या. तेव्हा मी कारभार आपल्या हाती घेतला. आठ फूट लांब व सहा फूट रुंद असे पत्र्याचे पक्के खुराडे बांधविले, आणि पावसाळा तोंडावर आल्यामुळे कोंबड्या दिवसरात्र आत कोंडून ठेविल्या. जमीन रोज झाडून स्वच्छ होत असे. खावयास मक्याचा भरडा मुबलक होता. मुंगसाच्या भीतीने रात्रभर मोठा दिवा जळत ठेवीत असे. हिशेबाने पाहता दर पक्ष्यास दोन चौरस फूट जागा पडत होती, आणि पुस्तकात तितकीच सांगितलेली असल्यामुळे मी निश्चिंत होतो.

तीन आठवड्यांत निम्म्या कोंबड्यांची पाठ उघडी पडली. एके दिवशी सकाळी एक तलंग मेलेली आढळली. तिच्या गुदद्वारावर टोचून इतर कोंबड्यांनी आतडी बाहेर ओढली होती. मी खुराड्यात डोकावलो तेव्हा आमची तांबडी कोंबडी दुसऱ्या एका काळीच्या तुऱ्यावर जोराने चोच मारीत होती. मी तेवढाच पुरावा धरिला, आणि त्याच आठवड्याच्या बाजारात तांबडी विकून टाकिली. पुढील चार दिवसांत आणखी दोन कोंबड्यांना जखमा झाल्या. तेव्हा कुटुंबाने एवढेच विचारिले, "अहो, पूर्वी त्या दिवसभर उकिरडा उकरीत होत्या. आता जमीन झाडलेली. मग त्यांनी चोच मारावी तरी कशावर?" या एका प्रश्नात सर्व विषयाचे मर्म आहे, हे मला पुढे कळून आले.

टोचण्याचे दोन प्रकार

कोंबड्या एकमेकींस टोचतात ते दोन निरनिराळ्या कारणांनी, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळे न्याय चुकतो.

पहिला प्रकार मानपानाचा. कळपात प्रत्येक पक्ष्याचा मान ठरलेला असतो. वरच्या मानाची कोंबडी खालच्या मानाचीस टोचते व खालची बाजूस सरते. नॉर्वे देशातील शेल्डेरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने १९२१-२२ च्या सुमारास ही रीत प्रथम शास्त्रीय पद्धतीने वर्णन केली. हे टोचणे बहुधा डोक्यावर, तुऱ्यावर अथवा मानेवर असते. ते एकदोन चोचींत आटोपते, आणि एकदा मान ठरला म्हणजे कमी होते. असील जातीत हा लढाऊपणा विशेष असतो.

दुसरा प्रकार पिसे उपटण्याचा. यात राग नसतो. कोंबडी शांतपणे दुसरीच्या मागे उभी राहते, पाठीचे, शेपटीच्या बुडाचे अथवा गुदद्वाराजवळचे पीस चोचीत धरते, ओढते, व पुष्कळदा गिळून टाकते. आरंभी ती पिसे नुसती चाळविते व पुढे उपटू लागते. एक करू लागली म्हणजे दुसऱ्या पाहून शिकतात.

या भेदाप्रमाणे पाहता माझी चूक उघड आहे. तांबडी तुऱ्यावर टोचीत होती, म्हणजे ती आपला मान राखीत होती. शिवाय तिची स्वतःची पाठ उघडी होती. खरी पिसे उपटणारी कोंबडी ओळखण्याची एक साधी खूण आहे: सर्व कळप विद्रूप झालेला असता जिचा पिसारा भरगच्च व तुळतुळीत असेल, तिच्यावर प्रथम नजर ठेवावी. तिची पिसे शाबूत असतात, कारण उपटणारी तीच असते. आमच्याकडे दोन ठिपकेदार कोंबड्या अशा होत्या, आणि त्यांच्या सुंदर रूपामुळे मला त्यांचा संशयही आला नव्हता.

पिसे जाण्याची इतर कारणे

उपाय करण्यापूर्वी पिसे खरोखर उपटली जात आहेत की दुसऱ्या कारणाने जात आहेत, हे पाहावे. वर्षातून एकदा कोंबडी पिसे टाकते. ती पीसझड डोके व मान यांपासून आरंभ होऊन क्रमाने मागे जाते, आणि जागोजाग नव्या पिसांचे कोंब दिसतात. कोंबडा वारंवार चढल्यामुळे पाठीची व पंखांच्या बुडाची पिसे झिजतात. यास्तव आठदहा कोंबड्यांमागे एकाहून अधिक कोंबडा ठेवू नये. उवा, गोचीड व तांबडे किडे यांच्या उपद्रवानेही कोंबडी स्वतःची पिसे स्वतः ओरबाडते. तांबडे किडे दिवसा दांड्यांच्या भेगांत लपून राहतात व रात्री बाहेर पडून रक्त शोषितात. म्हणून त्यांचा तपास रात्री दिवा घेऊन करावा. ही कारणे नसून पाठ, शेपटीचे बूड व गुदद्वार याच जागा उघड्या पडत असतील, तर उपटण्याची खोड लागली असे समजावे.

खोडीचे मूळ

मोकळी कोंबडी दिवसाचा फार मोठा भाग जमीन उकरण्यात व टोचण्यात घालविते. बी, किडा, वाळवी, गांडूळ, कोवळे पान, खडा असे शेकडो जिन्नस ती चोचीने पारखते. ही तिची उपजत प्रवृत्ती आहे. पोट भरले म्हणून ती थांबत नाही. हॉलंडमधील शास्त्रज्ञ ब्लोखुइस यांनी १९८६ साली असे मत मांडिले की, पिसे उपटणे म्हणजे जमिनीवर मारावयाची चोच भलत्याच जागी वळणे होय. जेथे उकरण्यास काही नाही तेथे शेजारणीचे पीस हेच गवत ठरते. पुढील संशोधनात या मताचे बरेच समर्थन झाले आहे.

मूळ हे, पण त्यास खतपाणी घालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. म्हणून नोकरीतील सवयीप्रमाणे मी खुराड्याचा पंचनामा करावयाचे ठरविले. अर्धा तास स्वस्थ बसून कोण कोणास कोठे टोचते ते वहीत टिपिले, आणि जागेतील प्रत्येक बाब तपासली. त्यात पुढील दोष आढळले.

(१) जमीन. स्वच्छतेच्या हौसेने मी उकरण्याजोगी एक काडीही शिल्लक ठेविली नव्हती.

(२) जागा. दर पक्ष्यास दोन चौरस फूट हे प्रमाण रात्रीच्या निवाऱ्याचे अथवा गादी घातलेल्या घराचे आहे. दिवसभर कोंडावयाचे असल्यास बाहेर जाळीचे आवार पाहिजे, व त्यात दर पक्ष्यास आठ ते दहा चौरस फूट जागा असावी. माझे प्रमाण कागदावर खरे होते, कोंबडीच्या अंगावर खोटे होते.

(३) खाद्य. मक्यात प्रथिने शेकडा सुमारे ९ असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ती शेकडा १६ ते १८ असावी लागतात. पीस हे जवळजवळ सर्व प्रथिनांचेच बनलेले असते, आणि त्यास मेथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त द्रव्ये विशेष लागतात. मोकळ्या कोंबड्या ही उणीव किडेमुंग्या खाऊन भरून काढीत. कोंडल्यावर ती उघडी पडली. मिठाची तूट व खाद्यात चोथ्याचा अभाव यांनीही पिसे खाण्याची वासना वाढते.

(४) उजेड. रात्रभर जळणाऱ्या मोठ्या दिव्यामुळे त्यांस विश्रांती नव्हती. तीव्र उजेडात कोंबड्या चिडखोर होतात व लहानशी जखमही त्यांच्या नजरेस येते.

(५) अंड्यांची जागा. बावीस कोंबड्यांस दोनच टोपल्या, त्याही दिव्याखाली. अंडे घालताना गुदद्वाराचा आतील लाल भाग क्षणभर बाहेर येतो. तो उजेडात इतरांस दिसला की त्यावर चोच पडते. प्रथमच अंडी घालू लागलेल्या तलंगांस हा धोका अधिक. मेलेली तलंग अशीच बळी पडली असावी.

(६) दांड्या. बसण्याच्या दांड्या जमिनीपासून जेमतेम एक फूट उंच होत्या, त्यामुळे वर बसलेलीचे शेपूट खाली उभी असलेलीच्या नेमके चोचीसमोर येई.

(७) उष्मा. पत्र्याखाली दुपारी भट्टी होई, व पाण्याचे भांडे एकच होते.

सात बाबींपैकी एकीतही कोंबडीचा दोष नव्हता.

तातडीचे उपाय

रक्त दिसताच त्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात. जखमी कोंबडी वेगळ्या पाटीखाली अथवा पिंजऱ्यात ठेवावी. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन कोरडी करावी, व कडुनिंबाच्या तेलात हळद कालवून लावावी. त्यायोगे माशी बसत नाही, आणि कडू चवीने दुसरी कोंबडी चोच लावण्यास कचरते. जखम खोल असल्यास, आतडी बाहेर आली असल्यास अथवा किडे पडले असल्यास घरगुती उपायांवर विसंबू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. जखम पुरती भरून लाली गेल्यावाचून ती कोंबडी कळपात परत सोडू नये.

खुराड्यात येणारे कडक ऊन गोणपाट लावून मंद करावे व मोठा दिवा काढावा. मात्र वारा कोंडू देऊ नये. नजर ठेवून उपटणाऱ्या कोंबड्या निश्चित कराव्यात, पायात रंगीत कडी घालून ठेवाव्यात, व त्यांस आठदहा दिवस वेगळ्या कोंडाव्यात. नव्यानेच खोड लागली असेल ती बहुधा सुधारते. मुरलेली सुधारत नाही. ती एकटी ठेवावी किंवा काढून टाकावी. परंतु जागेचे दोष दूर केल्याशिवाय कोंबडी काढणे व्यर्थ होय, कारण तिची जागा दुसरी घेते.

कायमचे उपाय

उकरण्याची सोय. जमिनीवर भाताचे तूस, भुईमुगाच्या शेंगांची टरफले अथवा बारीक केलेले पाचट यांची सुमारे सहा इंच जाड गादी घालावी. ती दर दोनतीन दिवसांनी वरखाली करावी व ओली झालेली काढून टाकावी. रोजच्या दाण्यापैकी मूठदोन मूठ या गादीत विखरून टाकावा, म्हणजे कोंबड्या तासन् तास उकरीत राहतात. मेथी, कोबीची पाने, लसूणघास अथवा शेवग्याचा पाला यांची जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. हिरवा पाला एकदम भांड्यात टाकल्यास घटकेत संपतो; टांगल्यास दिवसभर पुरतो, आणि पोटात चोथाही जातो.

धुळीचे स्नान. तीन फूट लांब व दोन फूट रुंद खोक्यात कोरडी माती, वाळू व चाळलेली राख भरून आडोशाला ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात, त्यायोगे उवा कमी होतात व पिसारा नीट राहतो.

खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबड्यांकरिता मी दहा किलोचे मिश्रण येणेप्रमाणे करितो: मका अथवा जोंधळ्याचा भरडा ५ किलो, तांदळाचा कोंडा २ किलो, भुईमुगाची पेंड १ किलो ७०० ग्रॅम, बिनमिठाची सुकट कुटून ५०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ६५० ग्रॅम, खनिज मिश्रण १२० ग्रॅम व मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने शेकडा सुमारे १६ पडतात. भुईमुगाच्या पेंडीत मेथिओनिन कमी असते. ती उणीव सुकट भरून काढते. थोडी तिळाची पेंड मिळाल्यास अधिक बरे. सुकट खारवलेली असेल तर वरून मीठ मुळीच घालू नये, कारण अधिक मीठ कोंबडीस विषासमान होते. बुरशी आलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी वर्ज्य करावी. एका कोंबडीस दिवसास १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे चोवीस पक्ष्यांस हे मिश्रण सुमारे चार दिवसच पुरते. हेच मिश्रण लहान पिलांस देऊ नये. त्यातील चुना त्यांस सोसत नाही.

विकतचे खाद्य घेणाराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोळीखाद्य थोड्याच वेळात खाऊन होते व पुढे चोच रिकामी राहते. भुकटीसारखे भरड खाद्य टिपण्यास वेळ लागतो. म्हणून खोड लागलेल्या कळपास भरड खाद्य सोयीचे.

घराची मांडणी. चार ते पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यास एक खण असावा. तो लांबी, रुंदी व उंचीने सुमारे एक फूट, अंधाऱ्या कोपऱ्यात, व तोंडाशी गोणपाटाचा पडदा असलेला असावा. दांड्या जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच, कडा बोथट केलेल्या, व दर पक्ष्यास आठ इंच या मानाने असाव्यात. दांड्यांच्या भेगांत कढत पाणी ओतावे. खाद्याची व पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी विभागून ठेवावीत, म्हणजे वरच्या मानाची कोंबडी सर्वांची वाट अडवू शकत नाही. पाणी खाद्याच्या दुप्पट लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक.

नवीन पक्षी. बाजारातून आणलेली कोंबडी एकदम कळपात सोडू नये. प्रथम दूर ठेवून ती निरोगी आहे असे पाहावे, नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोघांची ओळख होऊ द्यावी, आणि शेवटी रात्री दांडीवर नेऊन बसवावी. एकटी आणण्यापेक्षा दोनतीन एकत्र आणाव्यात.

चोच कापण्याविषयी

मोठ्या कारखानी कुक्कुटपालनात पिलांच्या चोचीचे टोक तापल्या पात्याने अथवा किरणांनी छाटण्याचा प्रघात आहे. परसातील कोंबडीस हा उपाय करू नये. चोच म्हणजे निर्जीव नख नव्हे. तिच्या टोकाशी ज्ञानतंतू असतात, आणि कापल्यावर वेदना पुष्कळ दिवस टिकू शकतात. शिवाय जिने किडा टिपून पोट भरावयाचे तिचे हत्यारच आपण बोथट करितो. नॉर्वेने १९७४ साली व स्वीडनने १९८८ साली ही छाटणी कायद्याने बंद केली, आणि तेथील लोक चोच न कापताही कोंबड्या पाळीत आहेत.

स्वभाव काही अंशी वंशपरंपरागत असतो, हेही खरे. अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर यांनी एकएकटी अधिक अंडी देणारी कोंबडी न निवडता, ज्या कुटुंबातील कोंबड्या एकत्र सुखाने नांदून अंडी देत त्यांचीच पैदास वाढविली. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेविल्या असता वर्षातील मरण शेकडा ६८ होते, ते थोड्याच पिढ्यांत शेकडा ८.८ वर आले. आपणांस इतका प्रयोग करणे नको. पण उबवणीकरिता अंडी निवडताना उपटणाऱ्या कोंबडीची अंडी बाजूस काढावीत, इतके प्रत्येकाच्या हाती आहे.

पिलांपासून खबरदारी

ही खोड पुष्कळदा बालपणीच लागते. पहिल्या दिवसापासून पायाखाली तूस व वाळू मिळालेली पिले मोठेपणी कमी टोचतात. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढलेली पिले तर त्याहून शांत निघतात. आई त्यांस जमीन टोचावयास शिकविते, आणि तिच्या पोटाखालच्या अंधारात ती स्वस्थ झोप घेतात. दिव्याच्या उबेवर पिले वाढवावयाची झाल्यास झोपण्याच्या बाजूस अंधारा आडोसा करून द्यावा, व दाटी होऊ देऊ नये.

परिणाम

पंचनाम्यातील दोष दूर करण्यास मला बारा दिवस लागले. गादी प्रथम घातली, आणि त्याच दिवशी खुराड्यातला आवाज बदलला. किंचाळणे जाऊन उकरण्याची खसखस ऐकू येऊ लागली. खुराड्यास लागून वरून जाळी घातलेले वीस फूट लांब व दहा फूट रुंद आवार केले, त्यामुळे मुंगसाची भीतीही गेली. तीन आठवड्यांत नवी जखम होणे बंद झाले. दोन ठिपकेदार कोंबड्यांपैकी एक सुधारली व दुसरी एकटी ठेवावी लागली. मुळापासून उपटलेली पिसे दोनएक महिन्यांत पुन्हा आली. अर्धवट तुटलेली मात्र पुढील पीसझडीपर्यंत तशीच राहिली. हे आधी ठाऊक असलेले बरे, नाहीतर उपाय लागू पडला नाही असे वाटून मनुष्य धीर सोडतो. कारभार मी कुटुंबाकडे परत दिला आहे.

तांबडीची चौकशी करावयास मी पुढच्या बाजारी गेलो होतो. ज्याने नेली होती त्या गृहस्थाने सांगितले की, ती त्याच संध्याकाळी कापली. चौकशीपूर्वी शिक्षा झाली म्हणजे फेरतपासणीस काही उरत नाही.

यास्तव वाचक शेतकरीबंधूंस एवढेच सांगणे आहे की, कळपात पिसे उपटली जाऊ लागली तर कोंबडीवर ठपका ठेवण्यापूर्वी जमीन, जागा, खाद्य, उजेड, अंड्यांची जागा, दांड्या व पाणी या सात बाबींची तपासणी करावी. ज्यांस याविषयी निराळा अनुभव आला असेल त्यांनी कोंबड्यांची संख्या, जागेचे माप व दिलेले खाद्य यांच्या आकड्यांसह तो या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, म्हणजे त्याचा सर्वांस उपयोग होईल.